जर्मन माणूस मित्र होत नाही म्हणे! आधी त्याला वेळ तरी दिलात का?

आल्बभटक्या

परवा श्टुटगार्टच्या आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने नव्याने येणाऱ्या पोरांसाठी सल्ला म्हणून लांबलचक मेसेज टाकला. सारांश असा की जर्मन लोक थंड असतात, ऑफिस सुटलं की ओळख संपली, त्यांच्याशी मैत्री करायच्या फंदात पडू नका, आपलं मंडळ आहे, गणपती आहे, शनिवारचं क्रिकेट आहे, तेवढं बास. खाली अंगठ्यांची रांग लागली. मला हे वाचून खरंच राग आला, कारण नुकतंच विमानातून उतरलेलं पोरगं हे वाचणार आणि प्रयत्न न करताच दार लावून घेणार.

इथे ओळख गप्पांतून होत नाही, सोबत काम करून होते. आपल्याकडे ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस ठाण्यापर्यंत पगार विचारतो आणि दादरला डबा उघडतो, तसं इथे होणार नाही, म्हणून ते थंड? मी आल्बफेराइनमध्ये जातो, १८८८ पासून चाललेली डोंगरभटक्यांची संस्था आहे, श्वेबिश आल्ब या डोंगररांगेतल्या वाटांवरच्या खुणा आणि पाट्या हेच लोक स्वतः जाऊन सांभाळतात. पहिला हिवाळा मला शिडी कुठे धरायची यापलीकडे कोणी काही विचारलं नाही. बहुतेक साठीच्या पुढचे, बोलणं सगळं इथल्या श्वेबिश बोलीत, निम्मं डोक्यावरून जायचं. पण मी जात राहिलो. मग घर बदलायची वेळ आली आणि त्यातले दोघं न बोलावता ट्रेलर घेऊन दारात हजर, वॉशिंग मशीन तीन मजले उतरवलं, दुपारी माझ्या बायकोने केलेलं पिठलं-भात खाल्लं. मंडळातल्या किती जणांना त्या दिवशी नेमकं काम निघालं ते मी लिहीत नाही.

सात माणसं जमली की या देशात फेराइन, म्हणजे हौशी लोकांची संस्था, नोंदवता येतं आणि अशी सहा लाखांच्या आसपास फेराइन आहेत. मधमाश्या, बुद्धिबळ, ब्रास बँड, रेल्वेची मॉडेलं, काय पाहिजे ते सांगा. समविचारी माणूस पाहिजे म्हणता ना, मग तुम्हाला जे आवडतं तेच ज्याला आवडतं तो तिथे बसलेला आहे. मंडळात आपल्याला बांधणारं भाषेखेरीज काय आहे सांगा, अर्धा वेळ हिंजवडीच्या फ्लॅटचे भाव आणि एसआयपी.

प्रश्नचिन्ह

तुमचा अनुभव चांगला आहे, पण एका माणसाच्या ट्रेलरवरून देश ठरत नाही. इंटरनेशन्सचं परदेशात राहणाऱ्यांचं सर्वेक्षण बघा, २०२३ मध्ये ५३ देशांत जर्मनी ४९ वा आला, आणि मित्र मिळण्याच्या बाबतीतही तळाकडेच असतो. एवढे सगळे लोक आळशी आहेत का?

कारण साधं आहे, इथल्या माणसाचे मित्र शाळेपासूनचे. माझ्या टीममधला एकजण ज्या गावात जन्मला त्याच गावात राहतो, बालवाडीतली पोरंच त्याच्या लग्नात होती, आता पोरं झाली तरी सुट्टीला तेच एकत्र जातात. त्याच्या आयुष्यात जागाच रिकामी नाहीये. त्याचा दोष नाही आणि माझाही नाही. मग मी शिड्या धरत बसण्यापेक्षा आपल्या माणसांत दोन घटका हसलो तर काय चुकलं?

आल्बभटक्या

ते सर्वेक्षण ज्याला वाटलं त्याने ऑनलाइन भरलेलं आहे. ज्याचं बरं चाललंय तो कशाला भरत बसेल. आणि जागा रिकामी नाही हे तुम्ही कुठून ठरवलंत, त्याला कधी विचारलंत? ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, दुकानात स्वतः स्कॅन करून बाहेर, असं ज्याचं वर्ष जातं त्याने जर्मन माणसाच्या मनाची खात्री देऊ नये.

प्रश्नचिन्ह

मी जर्मन भाषेची बी२ पातळी पास आहे. न विचारता दुसऱ्याला आळशी ठरवायची घाई तुम्हालाच आहे.

मेथीवाला

लायप्झिगहून लिहितोय. आमच्याकडे क्लाइनगार्टनचं वेड आहे, भाड्याने मिळणारी बाग, जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर, त्यात झोपडी २४ चौरस मीटरपर्यंत. नियम भरपूर, साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावाव्याच लागतात, आणि वर्षातले काही तास सगळ्यांनी मिळून कुंपण, रस्ता, पाण्याचे पाइप यांचं काम करायचं, नाहीतर पैसे भरा. नंबर लागायला भरपूर थांबावं लागलं. पण एकदा आत गेलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. माझी मेथी आणि कोथिंबीर जोरात, भेंडीने मात्र उघड्यावर दगा दिला. शेजारच्या आजोबांनी मेथीचा वास घेऊन हे काय म्हणून विचारलं, दुसऱ्या दिवशी त्यांची बायको टोमॅटोची रोपं घेऊन आली. आता आम्ही गावाला गेलो की बागेला पाणी तेच घालतात. याला मैत्री म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला पुरते.

निळी_छत्री

सगळे पुरुष लिहिताय आणि सगळे मोठ्या शहरातून. मी ठुरिंगिया राज्यात एका लहान गावात राहते. नवऱ्याची नोकरी इथे, माझी पुण्यातली सुटली, मूल दीड वर्षाचं. २०२४ च्या विधानसभेला इथे एएफडी या स्थलांतरविरोधी पक्षाला ३२.८ टक्के मतं पडली. म्हणजे बेकरीच्या रांगेत उभी असते तेव्हा पुढच्या दहा जणांतल्या तिघांनी मी इथे नसावं म्हणणाऱ्या पक्षाला मत दिलेलं असू शकतं. एकदा बसस्टॉपवर एक बाई माझ्या मुलाच्या गाडीकडे बघून जे बोलली ते मी इथे टाइप करणार नाही. मला कोण म्हणणार की जा, ब्रास बँडमध्ये नाव घाल?

मेथीवाला

वाईट वाटलं वाचून. पण आकड्यांवरून जाऊ नका, आमच्या सॅक्सनीतही त्याच वर्षी त्यांना ३०.६ टक्के होती आणि माझ्या बागेच्या फेराइनमध्येही त्यांचे मतदार असणारच. पाणी घालतात.

निळी_छत्री

तुम्ही सहा लाखांच्या शहरात राहणारे पुरुष आहात, संध्याकाळी एकटे रस्त्याने जाता. मला "आकड्यांवरून जाऊ नका" सांगू नका.

मांजरा_काठ

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी लातूरचा. इंजिनिअरिंग आणि पहिली नोकरी पुण्यात, आता श्टुटगार्टजवळ एसलिंगनला. जर्मन थंड म्हणणाऱ्यांत पुण्याचेच जास्त दिसायलेत म्हणून विचारतो, पुण्यात बाहेरून आलेल्याला कोण मित्र करून घेतं? भाड्याने घर बघायला गेलो की आधी आडनाव, मग "बॅचलरना देत नाही", मग "मटण-मच्छी चालणार नाही", मग "फोन करून सांगतो". तो फोन मला अजून आलेला नाही. कॉलेजात "काय करायलास" म्हटलं की बाकावरची पोरं हसायची, पुढचं वर्षभर तेच माझं नाव. इथं माझ्या जर्मनच्या चुकांना आजवर कुणी हसलं नाही. पुण्यात माझ्या मराठीला हसले.

डेक्कनवाला

झालं, आला पुण्याचा विषय. धागा जर्मनीचा आहे. आणि ज्या शहरात शिकलात, पहिला पगार घेतलात त्याच्याबद्दल असं बोलताना काही वाटायला पाहिजे. माझी आई खानावळ चालवायची. लातूर, बीड, परभणी, नांदेडची पोरं जेवायची, एमपीएससीच्या परीक्षेच्या दिवशी ती त्यांना दही-साखर हातावर द्यायची, ज्यांचे पैसे थकायचे त्यांना तिने कधी ताटावरून उठवलं नाही. आजही दिवाळीला फोन येतात तिला. सरसकट "पुणे असं" म्हणणं हे "जर्मन असे" म्हणण्यापेक्षा वेगळं कसं ते सांगा.

मांजरा_काठ

तुमच्या आईंना माझा नमस्कार, अशा एका काकूंच्या हातचं मीही खाल्लंय. पण मी आईंबद्दल विचारलंच नव्हतं, तुमच्याबद्दल विचारतोय. इतकी वर्षं इतकी पोरं तुमच्या घरी जेवली, त्यातला एक तरी तुमचा मित्र झाला का? त्याच्या गावी गेलात का? तुमच्या लग्नात तो पंगतीत होता का?

डेक्कनवाला

तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या लग्नाच्या पंगती मोजताय. हद्द आहे.

रंकाळा

विचारलं त्याचं उत्तर द्या की मालक. आमच्या कोल्हापुरात नवीन माणूस आला तर जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

मांजरा_काठ

कोल्हापुरात पण भाड्याने घर मागताना आडनाव सांगावं लागतंच, भाऊ. जेवण वेगळं आणि घर वेगळं.

सह्याद्रीची_लेक

मला एक कळत नाही, हे फेराइनवाले लोक गुरुवारी डोंगरात, शनिवारी बागेत, मग मुलांची मराठी शाळा कोण चालवणार? आम्ही चार बायका रविवारी मुलांना बाराखडी शिकवतो, त्यासाठी हॉलचं भाडं जमवतो, आणि "मंडळात काय आहे" विचारणाऱ्यांची मुलं आजीशी व्हिडिओ कॉलवर तीन शब्दांच्या पुढे जात नाहीत. मंडळ म्हणजे फ्लॅटचे भाव नाही. माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस डबा मंडळातूनच आला, आळिवाचे लाडू पण.

आल्बभटक्या

ताई, शाळेबद्दल आदर आहे, आणि डब्याचं तुम्ही सांगितलंत ते मी नाकारत नाही. माझा राग मंडळावर नाही. "मंडळ आहे तर बाकी कशाची गरज नाही" हे नव्या पोरांना सांगण्यावर आहे.

मांजरा_काठ यांचा मुद्दा मला इथलाच वाटतो. पुण्यातल्या माणसाला शाळेपासूनचा कट्टा आहे, त्याला नवीन मित्राची गरज वाटत नाही, त्यात तो दुष्ट नाही. तो माणूस इथे येतो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचा होतो आणि त्याला वाटतं की हे जर्मनांचं काहीतरी खास आहे. लातूरहून पुण्याला गेलेल्याला दार कसं ठोठवायचं ते आधीच माहीत असतं.

डेक्कनवाला

रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय. नाही, त्या पोरांतला कोणी माझा मित्र झाला नाही. ते दहा-बारा तास अभ्यासिकेत असायचे, मी माझ्या कट्ट्यावर. त्यांनीही कधी बोलावलं नाही, मीही नाही. याचा सगळा दोष पुण्यावर टाकणं मला अजूनही मान्य नाही. पण घराचं आणि आडनावाचं तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी स्वतः ऐकलेलं आहे, तेवढं खरं आहे.

मांजरा_काठ

ऐकलं तेव्हा बोललात का काही?

डेक्कनवाला

आता पुरे करा.

प्रश्नचिन्ह

दोन दिवस पुणे-लातूर चाललंय, मूळ मुद्दा गेला कुठे. आल्बभटक्यांचं एक मानतो, कामातून ओळख होते हे बरोबर आहे, आमच्या गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात एक तमिळ मुलगा आहे, त्याला सगळं गाव नावाने हाक मारतं. पण त्यासाठी पाच-सहा वर्षं एका गावात थांबावं लागतं. ज्याचं काँट्रॅक्ट दोन वर्षांचं आहे, व्हिसा कंपनीच्या हातात आहे, तो शिडी धरून धरून किती धरणार? यावर तुमच्याकडे उत्तर नाहीये.

आल्बभटक्या

दोन वर्षंवाल्याचं अवघड आहे, कबूल. तरी त्याने दोन वर्षं खोलीत काढावीत हे मला पटत नाही.

निळी_छत्री

माझ्या पोस्टवर मेथीवाल्यांच्या दोन ओळी सोडल्या तर एकानेही उत्तर दिलं नाही. पुण्यावर भांडायला सगळ्यांना वेळ होता. परत विचारते, भाषा ए२, कडेवर मूल, गाडी नाही, नवरा सातला येतो. सुरुवात कुठून करू?

सायकलवाली

मी आजवर नुसतं वाचत होते, पण तुझ्यासाठी लिहिते. मी एरफुर्टजवळ होते, मूल तेव्हा तुझ्याएवढंच. बसस्टॉपवरच्या बाया मलाही भेटल्यात, ते सोसायचं नसतं, घरी आल्यावर नवऱ्याला सांग, गप्प बसू नकोस, आणि परत काही झालं तर तारीख-वेळ लिहून ठेव.

तुझ्या जवळच्या गावात मेअरगेनेराट्सिओनेनहाउस आहे का बघ, सरकारी मदतीने चालतात, म्हातारी माणसं आणि लहान मुलांच्या आया दुपारी एकत्र बसतात, कोणी विचारत नाही तू कोण. तिथेच क्राबेलग्रुपं असते, रांगणाऱ्या मुलांची. दोन-चार वेळा कोणी तुझ्याशी बोलणार नाही, तरी ठरलेल्या वारी जातच राहा, तोच वार, तीच वेळ. ग्रंथालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतात का तेही विचार, ए२ ला त्या गोष्टी अगदी कळतात आणि मुलाबरोबर तुझीही भाषा सुधारते. संध्याकाळी नवरा आला की मूल त्याच्याकडे दे आणि फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे मोठ्यांसाठी क्लास घेणाऱ्या केंद्राचा, शिवणाचा नाहीतर स्वयंपाकाचा क्लास लाव, भाषेचा नको, भाषेच्या क्लासात सगळे आपल्यासारखेच परके असतात. मी चर्चच्या गायनवृंदात गेले होते, मी ख्रिश्चन नाही हे सांगितलं, त्यांनी फक्त सूर ऐकला आणि आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, उभी केली. त्यातल्या एकीशी अजून बोलणं आहे. तिने कोणाला मत दिलं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

पिनकोड मेसेज कर, तुझ्या आसपास काय आहे ते मी आज रात्री शोधून देते.

निळी_छत्री

केला. गायनवृंदाचं पण बघ, मी शाळेत पेटी वाजवायचे.