मदत हवी आहे: नणंदेला थायरॉइडच्या डोळ्यांसाठी क्लिनिकल ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात, सही करण्याआधी काय काय विचारावं?

नौपाड्याची_वहिनी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझी नणंद, वय ३४, ऐरोलीला राहते, बालवाडीत शिकवते. गेल्या वर्षी तिला ग्रेव्हज डिसीजचं निदान झालं. म्हणजे आपल्या ओळखीतल्या दर दुसऱ्या बाईचा असतो तसा कमी झालेला थायरॉइड नव्हे, वाढलेला. वजन उतरलं, हात थरथरायचे, छातीत धडधड. थायरॉइड कमी करणाऱ्या कार्बिमाझोल गोळीवर टी३, टी४ नॉर्मलला आले, टीएसएच अजून दबलेला आहे पण तो सावकाश वर येतो म्हणतात. सगळे हुश्श करतोय तोवर डोळ्यांचं सुरू झालं. डोळे पुढे आलेत आणि वरची पापणी इतकी ओढली गेलीय की बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतं. वर्गातली मुलं विचारतात, "बाई, तुम्ही रागावलात का?" मध्ये आमच्याकडे राहायला होती तेव्हा पाहिलं, गाढ झोपेतही पापण्यांमध्ये पांढरी रेघ उघडीच. रात्री मलम, दिवसा थेंब चालू आहेत. वर बघितलं की एकाचे दोन दिसतात.

आता मुद्दा. नवी मुंबईतल्या ज्या खाजगी हॉस्पिटलात दाखवतो तिथल्या डॉक्टरांनी विचारलंय की एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू आहे, त्यात येणार का. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं. काहींना खरं औषध, काहींना नुसतं सलाइन, आणि कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही कळणार नाही. खर्च काही नाही, जाण्यायेण्याचे पैसेही मिळतील.

नणंदेचे मिस्टर म्हणतात फुकट म्हणजे कुठेतरी गोम असणारच. सासूबाईंचं एकच, "माझ्या लेकीवर प्रयोग नको." नणंद स्वतः तयार आहे, आरशात बघायला कंटाळलीय बिचारी. आणि तो जाडजूड इंग्रजी फॉर्म वाचायला माझ्याकडे आलाय, कारण घरात बँकेत नोकरी करणारी मीच!

नुसतं सलाइन मिळालं तर तेवढे महिने डोळे तसेच ठेवायचे का? काही बिघडलं तर खर्च कोणाचा? मधेच सोडता येतं का? आणि त्यांना दुसरं मूल हवंय, त्याचं काय? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

घोडबंदरवाला

सही करू नका. कंपन्यांना उंदीर स्वस्तात मिळतात म्हणून इकडे येतात. हॉस्पिटलला दर पेशंटमागे पैसे मिळतात हे डॉक्टरांनी सांगितलं का?

आज्जीचा_बटवा

धने रात्री भिजवून सकाळी ते पाणी उपाशीपोटी घ्या. माझ्या जावेचा थायरॉइड तीन महिन्यांत नॉर्मल.

कोपरीकर

@आज्जीचा_बटवा, जावेचा कमी होता की जास्त, तेवढं तरी विचारा हो. इथे डोळ्यांचा प्रश्न आहे.

वहिनी, मला हाच आजार होता, पण ट्रायल नाही, नेहमीचे उपचार घेतले. आठवड्यातून एकदा शिरेतून स्टेरॉइड, बारा आठवडे. सूज आणि दुखणं उतरलं, पण डोळे फार काही आत गेले नाहीत. ते स्टेरॉइडकडून होतही नाही म्हणे. आधी आणि मधे लिव्हरच्या तपासण्या करतात, त्या टाळू नका. थायरॉइडसाठी पुढे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला रेडिओआयोडिन (किरणोत्सारी आयोडिन) घेतलं, मात्र डोळे शांत झाल्यावरच. डोळे पेटलेले असताना ते दिलं तर डोळ्यांचं वाढू शकतं, म्हणून मला थांबवलं होतं.

घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर आजपासून बंद. या आजारात डोळ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. आणि कार्बिमाझोल चालू असताना ताप किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करायचा. पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात. हे तिला कोणी सांगितलंय का?

फाइलवाली_वाशी

मी वाशी-बेलापूरकडे बरीच वर्षं सीआरसी होते, म्हणजे ट्रायलची फाइल सांभाळणारी, पेशंटला फोन करून बोलावणारी बाई. आता ते काम करत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

@घोडबंदरवाला, हॉस्पिटलला पैसे मिळतात, खरंय. ते गुपित नाही, तो करार ट्रायलला परवानगी देणाऱ्या केंद्रीय परवाना प्राधिकरणाला द्यावा लागतो. तुमचा राग कुठून येतो तेही कळतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सरकारला फैलावर घेतलं होतं. त्यानंतर नियम आवळले गेले आणि आता २०१९ चे नियम लागू आहेत. पण "सही करू नका" एवढ्याने या ताईंच्या नणंदेचे डोळे आत जाणार नाहीत.

वहिनी, तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच विचारत नाहीत. औषध नवीन आहे, धोका किती, हे सगळे विचारतात. नुसतं सलाइन लागलं आणि डोळे बिघडले तर कोण, कधी, काय करणार, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं हवं. त्याला आम्ही 'रेस्क्यू' म्हणायचो. तो परिच्छेद शोधा. डोळा किती मिलिमीटर आणखी पुढे आला किंवा कोणती लक्षणं आली की अभ्यासातून बाहेर काढून स्टेरॉइड सुरू करणार, ते स्पष्ट हवं. "डॉक्टर योग्य तो निर्णय घेतील" एवढंच असेल तर समोर बसून विचारा आणि उत्तर लिहून मागा. लाल रंग फिका वाटू लागला किंवा नजर धूसर झाली तर डोळ्याच्या नसेवर दाब येत असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्री असलं तरी जायचं. कोणता नंबर लावायचा तो तिच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

दुसरा प्रश्न, अभ्यास संपल्यावर सलाइनवाल्यांना खरं औषध मिळणार का? या आजारावरचं टेप्रोटुमुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मंजूर झालं. त्याच्या शेवटच्या मोठ्या अभ्यासात ८३ जण होते, साधारण निम्मे औषधावर, निम्मे सलाइनवर. २४ आठवड्यांनी डोळा किमान २ मिलिमीटर आत गेलेले औषधाच्या गटात ८३ टक्के, सलाइनच्या गटात १० टक्के. ज्यांना फरक पडला नाही त्यांना पुढच्या टप्प्यात खरं औषध देऊ केलं. तुमच्या फॉर्ममध्ये असा पुढचा टप्पा आहे का ते बघा. मिस्टरांना एवढंच सांगा की सलाइनवर दहातला एक सुधारला, म्हणजे तो गट काही उपचार नव्हे.

त्या औषधाचे तोटेही खरे आहेत: पायात गोळे, साखर वाढणं, आणि साधारण दहा टक्के लोकांना ऐकण्याचा त्रास. तुमचं औषध त्याच जातीचं असेल तर सुरुवातीलाच ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करणार का आणि साखर तपासणार का, विचारा. बालवाडीच्या बाईंना कान डोळ्यांइतकेच लागतात.

खर्चाचं: ट्रायलमध्ये इजा झाली तर ती ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, किंवा गरज असेल तोवर, उपचार प्रायोजक कंपनीने मोफत करायचे असतात. ट्रायलशी संबंध दिसला तर भरपाई वेगळी. आणि हे नीट वाचा: नेहमीचा उपचार उपलब्ध असूनही तो न देता सलाइन दिलं आणि त्यामुळे इजा झाली, तर तीही ट्रायलशी संबंधितच धरतात. स्वतःच्या मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका, सिद्ध न झालेले उपचार बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात.

सोडता कधीही येतं, कारण न देता, आणि त्यापायी पुढचे उपचार अडवता येत नाहीत. फक्त शेवटची तपासणी करून घ्या, ती तिच्याच फायद्याची.

मराठी फॉर्म मागा. पेशंटला समजेल त्या भाषेत माहिती देणं बंधनकारक आहे, आणि सही झाल्यावर एक प्रत घरी न्यायची. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, नंबर असतो. तिचा अध्यक्ष हॉस्पिटलच्या बाहेरचा असावा लागतो, सदस्यांत एक सामान्य नागरिकही असतो. फोन करा, उचलतात. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांकही बघा. २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. साइटवर क्रमांक टाकला की हे हॉस्पिटल यादीत आहे का ते दिसतं. नसेल तर तिथेच थांबा.

नौपाड्याची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून दोघी जाऊन आलो. मराठी फॉर्म होताच, मागितल्यावर लगेच दिला. सीटीआरआयवर हॉस्पिटलचं नाव सापडलं. रेस्क्यूचं फॉर्ममध्ये मोघम आहे, पण डॉक्टरांनी पुढ्यात बसून सांगितलं की नजर किंवा रंग ओळखणं बिघडलं तर त्याच दिवशी बाहेर काढून स्टेरॉइड. ते वेगळ्या कागदावर सहीनिशी मागितलंय, देतो म्हणाले. पुढचा टप्पा आहे, सलाइनवाल्यांना त्यात औषध मिळेल.

कोपरीकर, ताप-घशाचं तिला खरंच माहीत नव्हतं, आता फ्रिजवर चिकटवलंय. नणंदेच्या मिस्टरांची सिगारेट हा वेगळाच अध्याय आहे. सध्या ते जिन्यात जाऊन ओढतात आणि स्वतःला शहाणे समजतात.

अडलंय ते मुलाच्या प्रश्नावर. अभ्यास चालू असताना आणि नंतरही काही महिने दिवस राहता कामा नयेत, अशी अट आहे. तिला वाटतं वय निघून चाललंय.

फाइलवाली_वाशी

ती अट जवळजवळ प्रत्येक नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये असते, त्यात सूट मिळणार नाही, मागूही नका. पण हेही बघा, ट्रायल नाकारली तरी आत्ता लगेच दिवस राहणं ठीक नाही. कार्बिमाझोल पहिल्या तीन महिन्यांत बाळाला धोक्याचं. त्या काळात गोळी बदलून पीटीयू देतात, आणि ते आधी ठरवून करायचं असतं. थायरॉइड आधी स्थिर व्हायला हवा. म्हणजे थांबणं दोन्हीकडे आहे, फरक फक्त किती महिन्यांचा. एन्डोक्रायनॉलॉजिस्टना सरळ विचारा, "ट्रायल न घेता साधारण कधी चालेल, आणि घेतली तर कधी?" दोन तारखा मिळाल्या की ठरवणं सोपं जाईल. हा प्रश्न नणंदेने स्वतः विचारू दे, मिस्टरांना सोबत घेऊन. सासूबाईंना त्या दिवशी नेऊ नका.

नौपाड्याची_वहिनी

सासूबाईंचं पटलं 😄 शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तो लिहून मागितलेला कागद मिळाला की इथे कळवते.