मदत हवी आहे : गावातील कार्यशील वयोगटाचे प्रमाण कसे काढावे?

खानापूर तालुक्यातील (जि. सांगली) आमच्या गावासाठी १५ ते ५९ या कार्यशील वयोगटाचे प्रमाण काढतो आहे. जन्मदर घटून मुलांचा वाटा कमी होत गेल्याने देशात ते १९७१ मधील सुमारे ५२ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ६० टक्क्यांवर गेले. (काही तक्ते १५ ते ६४ धरतात, तिथे गफलत होते.) जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात मात्र ० ते ६ वयाची मुले तेवढी वेगळी दाखवलेली आहेत. त्यात आमच्या आळीतील निम्म्या घरांतली कर्ती माणसे गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी परराज्यांत असतात, ओसरीवर आजी-आजोबा आणि दाराला दिवाळीपुरती निघणारी कुलपे. घरोघर पाहणी केल्यास अशांना गावात धरावे की वगळावे? कोणी असे काम केले असल्यास कृपया पद्धत सांगावी.