गोरेवाड्यात वाघिणीला पिल्लं होऊ द्यावीत का?

उमरेडकर (धागा)

गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाचा विषय निघाला की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, वाघिणीला पिल्लं कधी होणार? २६ जानेवारी २०२१ ला इंडियन सफारी सुरू झाल्यापासून हे चालू आहे. माझं मत सरळ आहे. निदान सध्या तरी होऊ नयेत, आणि होणार नाहीत याची काळजी प्रशासनानं मुद्दाम घ्यावी.

पहिलं कारण जागेचं. त्याच आवारात वन्यजीव बचाव केंद्र आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी भागात जेरबंद झालेले वाघ-बिबटे तिथे येतात आणि ते येणं थांबणारं नाही. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ होते. जंगलातली संख्या वाढते तशी गावाला लागून फिरणाऱ्या तरुण वाघांची संख्याही वाढते. त्यातले काही पिंजऱ्यात येणारच.

केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरणाच्या निकषानुसार वाघांच्या जोडीला किमान १,००० चौरस मीटरचं मोकळं आवार लागतं आणि प्रत्येक जनावराला पावणेतीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खाण्याची कोठी. तीन पिल्लं झाली तर दीड-दोन वर्षं आईबरोबर भागतं. त्यानंतर ती एकमेकांना सहन करत नाहीत. मग तीन कोठ्या वाढतात आणि आवार पाळीपाळीनं सोडावं लागतं, म्हणजे प्रत्येक वाघाचा उघड्यावरचा वेळ कमी होतो. प्रेक्षकाला हे दिसत नाही, कारण त्याच्यासमोर बाहेर सोडलेला एकच वाघ असतो.

दुसरं, खाणं. प्रौढ वाघाला दिवसाला ८ ते १० किलो म्हशीचं मांस, आठवड्यातून एक दिवस उपास. एका वाघाचे वर्षाला अडीच ते तीन टन होतात. बंदिवासात वाघ १८ ते २० वर्षं जगू शकतो. एका विणीतली तीन पिल्लं पूर्ण जगली तर सव्वाशे टनांच्या वर मांसाची सोय आजच मान्य करावी लागेल.

आणि ही पिल्लं जंगलात कधीच सोडता येणार नाहीत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती आहे ती जंगलातल्या अनाथ बछड्यांसाठी. त्यातही माणसापासून दूर ठेवलेलं मोठं नैसर्गिक कुंपण, दोन वर्षांचं वय आणि पन्नास यशस्वी शिकारी अशा अटी आहेत. पर्यटकांच्या बसचा आवाज ऐकत वाढलेला वाघ या चाळणीतून जाऊ शकत नाही.

सेमिनरी हिल्स (पशुवैद्यक)

उमरेडकर भाऊ, हिशोब बरोबर आहे, पण "होऊ देऊ नये" हे लिहायला सोपं आहे. वाघिणीच्या शरीरात ते कसं करायचं, तिथे खरी अडचण येते.

वाघीण साधारण दर पंचवीस दिवसांनी माजावर येते. तिच्यात बीज सुटणं बहुतांशी समागमानं घडतं. म्हणून नराची नसबंदी करून त्याला मादीबरोबर ठेवला तर पिल्लं होत नाहीत, पण समागम होत राहतो, दर वेळी बीज सुटतं आणि खोटं गाभणपण येतं. गर्भाशयावर प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गाभणपणातल्या संप्रेरकाचा, मारा पुन्हा पुन्हा होतो. अस्तर जाड होतं, पू धरतो. सिंहिणींत हे जास्त दिसतं, पण वाघिणीही सुटत नाहीत.

पूर्वी जगभर प्राणिसंग्रहालयांत मेलेंजेस्ट्रॉल या गर्भनिरोधक संप्रेरकाचं इम्प्लांट वापरलं जायचं. त्यानं मोठ्या मांजरकुळात गर्भाशयाचे विकार आणि स्तनाचा कर्करोग वाढल्याचं सिद्ध झालं. आता डेस्लोरेलिन हे दुसरं गर्भनिरोधक आहे, कातडीखाली बसवायचं. ते सुरुवातीला उलटं काम करतं. पहिले दोन-तीन आठवडे मादी माजावर येऊ शकते, त्या काळात नर वेगळा ठेवलाच पाहिजे. इथेच चूक होते आणि मग "औषध देऊनही गाभण राहिली" अशी तक्रार येते. शिवाय परिणाम कधी उतरेल याची खात्री नाही. काही माद्या वर्षभरात पूर्ववत होतात, काही कित्येक वर्षं होत नाहीत.

राहता राहिला नर-मादी कायम वेगळे ठेवण्याचा मार्ग. तो सुरक्षित आहे, पण तुम्हीच म्हणता तसा आवाराचा वेळ अर्धा करतो.

आता वंशाचा मुद्दा. प्राणिसंग्रहालयांतले बरेच वाघ जुन्या, एकमेकांत मिसळलेल्या रक्ताचे आहेत. पांढऱ्या वाघांची ओळ तर १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहनपर्यंत मागे जाते, आणि तो रंग टिकवायला नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. उलट चंद्रपूरच्या जंगलातून आलेला वाघ हा नव्या रक्ताचा संस्थापक ठरतो. त्याची एकही वीण न घेता त्याला वीस वर्षं सांभाळायचं आणि दुसरीकडे नात्यातल्या जोड्या लावत राहायच्या, हे शास्त्राला धरून नाही.

तेलंगखेडी

डॉक्टर साहेब, नवं रक्त मान्य. पण बचाव केंद्रातल्या जनावरांचं प्रजनन करू नये असाच केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरणाचा दंडक आहे ना? मग वीण काहून घ्यायची? आणि पकडलेल्या वाघाचे सुळे बहुतेक वेळा पिंजऱ्याच्या गजावर मोडलेले असतात. सुळा मोडला की आतली नस उघडी पडते, मुळाशी पू होतो, त्यावर उपचार करायला भूल द्यावी लागते. अशा नराला मादीजवळ सोडायचं म्हणजे आधी सहा महिने त्याच्या तोंडावर काम करा.

सेमिनरी हिल्स

दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणून केंद्रात वीण घ्या असं मी म्हणत नाही. अशा नराची रीतसर परवानगीनं सफारीच्या नोंदीत बदली होऊ शकते. दोन प्राणिसंग्रहालयांत जनावर द्यायचं-घ्यायचं झालं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-आय खाली प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. हा रस्ता लांब असला तरी बंद नाही.

नर आणायचाच नसेल तर त्याचं वीर्य तरी साठवा. मेडेटोमिडिनची भूल दिली की नुसत्या मूत्रनळीतल्या कॅथेटरनं वीर्य मिळतं, विजेचा झटका द्यावा लागत नाही. दातासाठी भूल दिलीच आहे तर त्याच वेळी हे काम उरकतं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ते वर्षानुवर्षं टिकतं. हैदराबादच्या सीसीएमबीची लाकोन्स प्रयोगशाळा अशाच कामासाठी उभारली आहे. त्यातून कृत्रिम रेतन दर वेळी साधेल असं कुणी सांगू शकत नाही, पण रक्त वाया जात नाही.

मानकापूर

वीण घ्यायची ठरलीच तर तयारीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नर-मादी थेट एकत्र सोडत नाहीत. आधी जाळीच्या आडून शेजारी ठेवतात. मादी जाळीला अंग घासते, लोळते, दोघं नाकातून फुरफुरतात, तेव्हाच दार उघडायचं. त्या वेळी पाण्याचा पाइप आणि मोठा आवाज करणारी वस्तू हाताशी असलीच पाहिजे. नर मोठा आणि मादी नवखी असेल तर एका चाव्यात मानेचा मणका जातो.

गाभणकाळ १०३ ते १०६ दिवसांचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर लावून ओलावा वाढवलेल्या कोठीत पिल्लांना बुरशी आणि न्यूमोनिया धरतो. म्हणून ऑगस्टमध्ये जोडी लावावी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला वीण येते. बाळंतकोठी महिनाभर आधी द्यावी: अंधारी, कोरडा पेंढा, आत कॅमेरा, तिची ने-आण करणारा माणूस एकच. पहिलटकर वाघीण पिल्लं खाते याची कारणं बहुतेक वेळा माणसांची ये-जा, बदललेला वास, कोठीतली धुलाई ही असतात. पहिले दहा दिवस फिनाइलला हातसुद्धा लावू नये.

पिल्लू जन्मतः साधारण एक ते दीड किलोचं असतं, डोळे सहा ते बारा दिवसांत उघडतात. आईनं सोडलंच तर गाईचं दूध देऊ नका. त्यात साखर जास्त आणि प्रथिनं-स्निग्ध कमी, म्हणून हगवण लागते. मांजराच्या पिल्लांचं तयार दूध वापरावं. आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं कमी पडली तर हातावर वाढवलेल्या वाघाच्या पिल्लांना मोतीबिंदू होतो, तेव्हा डबा घेताना तेही पाहावं. दिवसाला वजनाच्या १५ ते २० टक्के दूध, सहा-आठ वेळा विभागून. पिल्लू पोटावर ठेवून पाजायचं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं गुदद्वार पुसायचं, नाहीतर पिल्लू हगत-मुतत नाही आणि पोट फुगून मरतं. आणि हातावर वाढलेली वाघीण पुढे आई म्हणून कच्ची राहते, हेही धरून चला.

काटोल नाका

एवढी काळजी घेऊन जन्मवलेलं पिल्लू रोगानं गेलं तर? डिसेंबर २०२४ मध्ये याच बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालात एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, निघाला. हा विषाणू मांजरकुळाला कच्च्या कोंबडीतून लागू शकतो हे सगळ्या जगात माहीत आहे. ७० अंशांवर शिजवलं तर तो मरतो, पण वाघाला शिजवलेलं मांस रोज आवडत नाही आणि हाडं शिजवली की ठिसूळ होऊन टोचतात. म्हणजे कोंबडी बंद ठेवणं हाच खरा उपाय. गोरेवाड्याचं वारेमाप कौतुक करणाऱ्यांनी आधी विचारावं: नव्या जनावराला किमान तीस दिवस वेगळं ठेवायला स्वतंत्र इमारत, स्वतंत्र माणूस, स्वतंत्र भांडी आणि बूट धुण्याची टाकी आहे का? एका प्राणिपालाला विलगीकरण आणि प्रदर्शन दोन्हीकडे फिरवलं तर तोच रोग नेतो.

विषाणू सोडा, माशाही आहेत. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० साली सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या साथीत डझनभर वाघ गेले. तो परजीवी चावऱ्या माशांनी गुरांकडून येतो. गोरेवाड्याभोवती गुरं चरतात. पावसाळ्यात रक्ताची चाचणी आणि माशांचे सापळे, हे दरसालचं काम आहे.

रामटेक रोड

सगळे वाघावरच आलात. त्याच सफारीतल्या चितळांकडे पाहा. मादी वर्षाच्या कुठल्याही महिन्यात विते, गाभणकाळ साडेसात महिन्यांचा, आणि वर्ष-सव्वा वर्षात तिची मुलगीही गाभण राहते. नीलगाय तर बहुतेकदा जुळी देते. नर वेगळे काढले नाहीत तर काही वर्षांत गवत संपतं. तिथे जन्माची बातमी कुणी देत नाही, पण खरी अडचण तीच आहे.

आणि प्रजननाचंच बळ असेल तर ते गिधाडांना द्या. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची गिधाडं पेंच आणि ताडोबात आणली आणि नंतर सोडली गेली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, ते सुमारे दोन महिने उबवते. मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांना मारणाऱ्या वेदनाशामकांपैकी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. म्हणजे जंगलात परत सोडण्यासारखी जागा आता तयार होतेय. बंदिवासात जन्मलेलं गिधाड उडून पुढची पिढी जगवू शकतं. बंदिवासातला वाघ ते करू शकत नाही.

उमरेडकर

रामटेक रोड ताई, गिधाडांच्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्यासोबत. डॉक्टरांचाही एक मुद्दा मला मान्य करावा लागतो: नसबंदी केलेला नर बरोबर ठेवण्याला मी निरुपद्रवी समजत होतो, ते चूक आहे. तरी माझी अट बदलत नाही. पिल्लांना घेणारं प्राणिसंग्रहालय लेखी ठरलेलं असावं, आई-बापाची नोंद राष्ट्रीय स्टडबुकात (वंशावळीच्या नोंदवहीत) असावी आणि बचाव केंद्राच्या दोन कोठ्या रिकाम्या असाव्यात. तिन्ही नसतील तर जोडी लावू नये, लोकांनी कितीही मागणी केली तरी.

सेमिनरी हिल्स

अटी मला मान्य. फक्त "सध्या नको" याला मुदत घाला. वाघीण तीन-चार वर्षांची झाली की पिल्लं देऊ शकते. पण सात-आठ वर्षांपर्यंत एकदाही न व्यालेली वाघीण पुढे गाभण राहणं अवघड होत जातं, आणि राहिली तरी पहिली वीण धोक्याची असते. आज सफारीत किंवा केंद्रात ज्या तरुण माद्या आहेत, त्यांच्याबाबतचा निर्णय येत्या दोन-तीन पावसाळ्यांत घ्यावाच लागेल. नाहीतर तो वयच घेऊन टाकेल.