क्लब हाऊसमधली मुलांची गाणी: चालू ठेवायची का?

सचिव: नमस्कार मंडळी. शनिवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये ए-५०२ ची कन्या लहान मुलांची गाणी घेते, त्याबद्दल दोन तक्रारी आल्यात. जे काही बोलायचं ते इथेच बोला, समितीच्या बैठकीत पुन्हा तेच दळण नको.

बी-१०४: एक तक्रार माझी. क्लब हाऊसच्या बरोबर वर माझी बेडरूम. गाण्याला ना नाही, पण गेल्या शनिवारी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

सी-३०१: काका, मुलं आहेत, ओरडणारच 😄

बी-१०४: मग त्याला गाणं म्हणू नका.

ए-२०३: दुसरी माझी, पण मुद्दा वेगळा. पोरीचा हात चांगला तयार आहे. या वयात रियाज वाढवायचा, की चिल्ल्यापिल्ल्यांत बसून बालगीतं वाजवायची? तिच्या आईने राग मानू नये, पण ती मागे पडेल असं वाटतं.

बी-४०१: ‘नाच रे मोरा’ची चाल पुलंची, शब्द गदिमांचे, गळा आशाबाईंचा. १९५३ चा ‘देवबाप्पा’. यातलं कोण मागे पडलं?

ए-२०३: अहो, ते पुलं होते!

बी-४०१: बरं, बाहेरचं घ्या. प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने १९३६ मध्ये मुलांसाठी ‘पीटर अँड द वुल्फ’ केलं. त्यात पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, लांडगा म्हणजे हॉर्न. माझी नात ही वाद्यं नुसत्या कानाने ओळखते, माझा अजून बदक-मांजरात घोळ होतो. मुलांसाठी लिहायचं म्हणजे डाव्या हाताचं काम, हे कोणी ठरवलं?

सी-३०१: 👏 ओबो म्हणजे काय ते मलाही माहीत नाही, पण 👏

ए-५०२: आईच्या फोनवरून मीच लिहितेय. बी-१०४ काका, गेल्या शनिवारी माझा पेपर होता, मी नव्हते. मुलांनी स्पीकरवर कराओके लावून गायलं. तो ट्रॅक काळी चारचा, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, बायकांच्या गळ्याचा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना एवढं खाली गाता येत नाही. खालचा सा लागला नाही की ती बोलण्याच्या आवाजात जातात आणि वर जोर लावतात. तुम्हाला ऐकू आला तो हा जोर. मी असते तेव्हा मधल्या सप्तकातली पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, सा म्हणून धरते. तिथून वर पंचमापर्यंत बहुतेक मुलं आरामात गातात, ‘हळू म्हणा’ असं सांगावंच लागत नाही. या शनिवारी वरून ऐका आणि सांगा.

ए-२०३ काकू, रियाज रोज सकाळी होतो, आई साक्षीला आहे 🙂 आणि शनिवारी वाजतो तो भूप रागच. कीबोर्डवर सा रे ग प ध एवढ्याच पट्ट्यांना रंगीत स्टिकर लावलेत. म आणि नी गाळले की दोन स्वर एकमेकांना अगदी खेटून येत नाहीत, त्यामुळे दोघांनी एकदम काहीही दाबलं तरी कानाला टोचत नाही. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराने मुलांसाठी जी वाद्यं पुढे आणली, त्यांच्या पट्ट्या उचलून बाजूला ठेवता येतात. युक्ती तिथलीच. चुकायची भीती गेली की मुलं स्वतःचं काहीतरी वाजवायला लागतात, आणि मी खरं तर त्यासाठीच जाते. मला अजून अशी चाल सुचत नाही, जी चार वर्षांच्या मुलाला एकदा ऐकून म्हणता येईल. तान घेणं त्यापेक्षा सोपं आहे, खरंच.

डी-२०२: माझा धाकटा तिथे जातो. पहिले काही शनिवार कीबोर्डकडे पाठ करून बसायचा, नखाने खुर्चीचा पाय वाजवत. तिने त्याला एकदाही बोलावलं नाही, त्याच्या टकटकीवरच गाणं सुरू केलं. आता घरी नळाचं थेंब-थेंब पाणीसुद्धा ठेक्यात मोजतो.

सी-३०१: आमची नऊ वर्षांची तिथे लहानांना टाळ्यांचा ठेका धरून देते. मी क्लासचं नाव काढलं की पळायची, आता स्वतः म्हणते तबला शिकायचाय. आईने सांगितलेलं आणि पाच-सहा वर्षांनी मोठ्या ताईने करून दाखवलेलं, फरक पडतो बाई.

ए-२०३: ते मान्य. पण वार्षिक परीक्षेच्या महिन्यात बंद ठेव हो. काकू म्हणून सांगतेय.

ए-५०२: हो काकू.

सचिव: ते ‘लिफ्ट बंद, जिना चढ’ गाणं कोणाचं? काल मी जिन्यात असताना चार पोरं माझ्यामागे म्हणत होती.

ए-५०२: मुलांचंच 🙈 खालून ‘आ-ई’ अशी हाक मारतात ना, ती बऱ्याचदा प वरून ग वर उतरते. कोडाय या हंगेरियन संगीतकाराच्या पद्धतीत लहानांना गाणं शिकवायला त्याच दोन स्वरांपासून सुरुवात करतात. मी म्हटलं, या दोन स्वरांत काहीही म्हणा. त्यांनी हे म्हटलं.

बी-१०४: ते गाणं मला आवडलं. 

सचिव: तर शनिवारी साडेपाच ते सव्वासहा, स्पीकर नाही, किल्ली वॉचमनकडे. कोणाची हरकत?

बी-१०४: नाही. माझ्या बाजूची खिडकी तेवढी लावा. आणि पांढरी दोनच.

सचिव: नोंद केली. लिफ्टवाला उद्या सकाळी येतोय, तोवर दुसरं कडवं करू नका.

डी-२०२: झालंय 😬