मदत हवी आहे: तुमच्याकडे वडापाला काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. माणसं भरली की सुटणाऱ्या गाड्यांची गावोगावची नावं गोळा करतोय. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ‘वडाप’. गंमत म्हणजे ते गाडीचंही नाव आणि धंद्याचंही: ‘वडापनं आलो’ आणि ‘तो वडाप करतो’, दोन्ही चालतं. मग जीप असो, ट्रॅक्स असो की मॅजिक. मराठवाड्या-विदर्भात तीच ‘काळीपिवळी’, नाव रंगावरून. रायगडात, विशेषतः अलिबागकडे, विक्रम आणि मिनीडोर, त्या तीनचाकी गाड्यांच्या मॉडेलचीच नावं. सहा आसनी रिक्षाला बऱ्याच ठिकाणी टमटम. बजाज टेंपोची ती लांब नाकाची तीनचाकी म्हणजे डुक्कर रिक्षा, याहून नेमकं नाव कंपनीलाही सुचलं नसतं! गोव्यात भाड्यानं मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा तो ‘पायलट’, पुढचा मडगार्ड पिवळा.

खानदेश आणि तळकोकण मात्र माझ्या वहीत कोरंच आहे. तिकडे काय म्हणतात? सोलापूर, पंढरपूरकडं वडाप शब्द चालतो का, की दुसरंच काही? आणि वडाप आला कुठून, हे कुणी जुन्या ड्रायव्हरकाकांकडून ऐकलं असेल तर जरूर लिहा. तालुक्याचं नाव आणि बोलण्यातलं एखादं वाक्य दिलंत तर फार बरं होईल. शहरातली शेअर रिक्षा नको, ती सगळीकडे सारखीच.