मणक्यातील गादी (डिस्क) बाहेर आल्याचे निदान झाले आहे: शस्त्रक्रियेशिवाय कोणते उपचार खरोखर उपयोगी पडतात?

प्रश्न : बैठे_काम

नमस्कार. माझे वय ४३ आहे आणि दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम करावे लागते. सात आठवड्यांपूर्वी जमिनीवरचे जड खोके उचलताना कमरेत जोराची कळ आली. पहिले तीन-चार दिवस फक्त कंबर दुखत होती. त्यानंतर कमरेचे दुखणे बरेच कमी झाले, मात्र वेदना डाव्या नितंबापासून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत आणि तेथून पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत उतरू लागली. करंगळीजवळ सतत मुंग्या असतात. खोकला किंवा शिंक आली की पूर्ण पायातून सणक जाते. बसणे सर्वांत त्रासदायक आहे, उभे राहिल्यावर थोडे बरे वाटते.

एमआरआयच्या अहवालात एल५-एस१ या पातळीवर (कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे हाड यांच्यामध्ये) डावीकडे डिस्क एक्स्ट्रुजन, म्हणजे गादीचा गाभा बाहेर आलेला असून एस१ नसेच्या मुळावर दाब आहे, असे लिहिले आहे. त्याशिवाय वरच्या दोन गाद्यांमध्येही फुगवटा असल्याचा उल्लेख आहे. एका डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करून घ्या असे सांगितले, तर दुसऱ्यांनी आणखी काही आठवडे थांबण्यास हरकत नाही असे मत दिले. ओळखीचे लोक ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणे), कमरेचा पट्टा, मालिश, मणका ‘बसवून’ घेणे आणि पाठीतील इंजेक्शन असे वेगवेगळे उपाय सुचवतात. थांबल्यामुळे नसेचे कायमचे नुकसान होईल का, आणि थांबायचेच असेल तर त्या काळात नेमके काय करावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : पाठीचा_कणा (फिजिओथेरपिस्ट)

ज्या लक्षणांमध्ये थांबणे मुळीच चालत नाही, ती आधी सांगतो. जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा जननेंद्रियाभोवती बधिरपणा येणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, दोन्ही पायांतील ताकद कमी होणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, आपत्कालीन विभागात जावे. कण्याच्या खालच्या भागातील नसांचा जुडगा दाबला जात असल्याची ती चिन्हे असतात. एका पायाचे पाऊल लटके पडू लागले किंवा ताकद दिवसागणिक घटू लागली, तरीही शल्यचिकित्सकाला तातडीने दाखवावे. ताप, कारणाविना घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काही असेल तर पाठदुखीचा तपास वेगळ्या दिशेने करावा लागतो.

तुमच्या वर्णनात यातले काही दिसत नाही, म्हणून पुढचे लिहितो. गादीला बाहेरून तंतुमय कडे असते आणि आत ओलसर, मऊ गाभा असतो. कड्याला चीर पडून गाभा बाहेर आला की तो नसेच्या मुळावर दाब तर आणतोच, पण त्यातील द्रव्यांमुळे तेथे दाहही निर्माण होतो, आणि पहिल्या काही आठवड्यांतील असह्य वेदनेत या दाहाचा वाटा मोठा असतो. त्यामुळेच चित्रात गादी जशीच्या तशी दिसत असतानाही माणसाला बरे वाटू लागल्याचे आम्ही नेहमी पाहतो. शिवाय शरीर त्या बाहेर आलेल्या तुकड्याला परका समजते आणि सफाई करणाऱ्या पेशी तो हळूहळू शोषून घेतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, सुटा पडलेला तुकडा ९६ टक्के, एक्स्ट्रुजन ७० टक्के, प्रोट्रुजन (एक्स्ट्रुजनपेक्षा कमी बाहेर आलेली गादी) ४१ टक्के आणि नुसता फुगवटा १३ टक्के रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेविना लहान झाल्याचे आढळले होते. म्हणजे अहवालातील जो शब्द वाचून आपण अधिक घाबरतो, तीच गादी आक्रसण्याची शक्यता अधिक असते. रुग्णांना हे पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो, आणि तो वेळ सार्थकी लागतो असे मला मनापासून वाटते.

वरच्या दोन फुगवट्यांची काळजी सोडून द्या. पाठदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढून १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातील ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीत फुगवटा होता. एक्स्ट्रुजन मात्र १ टक्का लोकांतच सापडले, त्यामुळे तुमच्या एस१ नसेचा त्रास त्याच गादीमुळे असावा, असे मानायला आधार आहे.

थांबण्याबद्दल नेदरलँड्समधील २००७ चा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यातील २८३ रुग्ण तुमच्यासारखेच, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका (नसेच्या मुळाच्या त्रासाने पायात उतरणारी वेदना) असलेले होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना लक्षणीयरीत्या लवकर कमी झाली. वर्षाच्या अखेरीस मात्र दोन्ही गटांतील ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. ताकद टिकून असेल तर तुमच्यापुढचा निवड करण्याचा विषय मुख्यतः एवढाच आहे, की वेदनेचे आणखी काही आठवडे सोसायचे की शस्त्रक्रियेची जोखीम घेऊन ते कमी करायचे.

आता काय करावे याविषयी. अंथरुणाला खिळून राहू नका. सायटिकाच्या १८३ रुग्णांवरील १९९९ च्या अभ्यासात, दोन आठवडे पडून राहिलेल्यांना नेहमीचे व्यवहार सुरू ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला नव्हता. दिवसातून चार-पाच वेळा, वेदना वाढणार नाही इतकेच, सपाट रस्त्यावर चाला. सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक बसू नका. सकाळी उठल्यावर पहिला तास-दीड तास कमरेतून वाकणे टाळा, कारण रात्रभर पडून राहिल्याने गादीत पाणी भरलेले असते आणि त्या वेळी वाकण्याचा ताण तिला अधिक जाणवतो.

व्यायाम निवडताना वेदना कोणत्या दिशेने सरकते याकडे लक्ष द्यावे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी रूढ केलेल्या पद्धतीचे हेच मर्म आहे. पालथे झोपून काही मिनिटे राहावे, ते सोसले तर कोपरांवर आणि पुढे तळहातांवर छाती उचलावी. असे करताना पोटरीतील वेदना मांडीकडे, मांडीतील नितंबाकडे आणि तेथून कमरेकडे सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी ती सुधारणा समजावी. वेदना किंवा मुंग्या पायात आणखी खाली उतरल्या तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही. तो तेथेच थांबवावा आणि दुसरी दिशा तपासून घ्यावी. हे पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. चित्रफीत पाहून दहा-पंधरा व्यायाम एकदम सुरू करणाऱ्यांचे हाल मी फार पाहिले आहेत. पोट, पाठ व नितंब यांचे बळ वाढवण्याचे व्यायाम वेदना ओसरू लागल्यावर घ्यायचे असतात, आता नाही.

मणका ‘बसवण्या’बद्दल स्पष्ट सांगतो. तुमचा मणका निखळलेला नाही आणि बाहेर आलेला गाभा दाबून आत ढकलता येत नाही. नसेवर दाब असताना कोणालाही कमरेला झटका देऊ देऊ नका. ट्रॅक्शन आणि पट्टा हे दोन्ही ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखी व सायटिकासाठी देऊ नयेत असे म्हटले आहे. हलक्या मालिशीने आखडलेले स्नायू सैल होतात आणि झोप लागते. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये.

एक तपासणी घरी करून येथे लिहा. भिंतीला बोटे टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण उचलून चवड्यावर या. हे उजव्या पायाने किती वेळा जमते आणि डाव्या पायाने किती वेळा?

उत्तर २ : संथ_पाऊल

मी डॉक्टर नाही, पण चार वर्षांपूर्वी याच पातळीवरची गादी बाहेर आली होती आणि शस्त्रक्रिया न करता बरी झाले. वरच्या उत्तरात वेदनेच्या दिशेबद्दल जे लिहिले आहे ते मला फार उशिरा कोणीतरी सांगितले. त्याआधी मी रोज सकाळी ‘आज किती दुखते’ एवढेच पाहत असे आणि एखाद्या वाईट दिवशी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले या भीतीने कोसळत असे. नंतर एका वहीत रोज रात्री एकच नोंद ठेवू लागले, की आज वेदना पायात जास्तीत जास्त कुठपर्यंत गेली. पाचव्या आठवड्यात घोटा, नवव्यात गुडघ्याच्या मागे, चौदाव्यात नितंब. मधल्या दिवसांत ती खालीवर होत असे, पण महिन्याची पाने एकत्र पाहिली की उतार दिसत असे, आणि त्या वहीनेच मला धीर दिला.

मुंग्या सर्वांत शेवटी गेल्या, जवळजवळ आठ महिन्यांनी. त्या राहिल्या म्हणजे उपचार फसला असे समजू नका. झोपताना कुशीवर वळून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्याने रात्रीची जाग बरीच कमी झाली.

उत्तर ३ : वेदना_चिकित्सक

औषधे आणि इंजेक्शन यांबद्दलच लिहितो. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडू शकतात, मात्र जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. नसेच्या वेदनेसाठी प्रीगॅबालिन सर्रास लिहून दिले जाते. परंतु सायटिकाच्या २०९ रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि चक्कर येण्यासारखे दुष्परिणाम मात्र अधिक झाले. तुम्हाला ते चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

एपिड्युरल इंजेक्शनमध्ये नसेच्या मुळाजवळ स्टिरॉइड सोडले जाते. त्याने गादी आत जात नाही. दाह शमून काही आठवडे पायातील वेदना कमी होऊ शकते, आणि ज्याला वेदनेमुळे झोपणे किंवा चालणे अशक्य झाले आहे त्याला तेवढी उसंतही मोलाची असते, कारण त्या काळात व्यायाम सुरू करता येतो. दीर्घकालीन फरक मात्र फारसा दिसत नाही. हे इंजेक्शन क्ष-किरण चित्र समोर ठेवूनच दिले जावे. मधुमेह असल्यास साखर काही दिवस वाढते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. क्वचित प्रसंगी गंभीर मज्जासंस्थीय इजा झाल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता. ही शक्यता अत्यल्प असली तरी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तिच्याविषयी विचारावे. तुम्ही चालू शकता आणि उभे राहिल्यावर बरे वाटते असे लिहिले आहे, त्यामुळे माझ्या मते इंजेक्शनची घाई नाही.

उत्तर ४ : दुसरी_बाजू

मीही अकरा आठवडे थांबलो होतो आणि त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. पण दहाव्या आठवड्यात चालताना अंगठा जमिनीला अडखळू लागला, आणि वेदना कमी झाली आहे म्हणजे सुधारणाच असणार असे समजून मी सात दिवस घालवले. वेदना कमी होऊन ताकद जाणे हे चांगले लक्षण नसते, हे मला माहीत नव्हते. नंतर शस्त्रक्रिया झाली, पाऊल बरेचसे सावरले, तरी अंगठा आजही पूर्ण बळाने वर उचलत नाही. तुम्ही जरूर थांबा, फक्त पायाची ताकद मोजत राहा.

बैठे_काम

सर्वांचे मनापासून आभार. तपासणी केली. उजव्या पायाने वीस वेळा सहज जमले. डाव्या पायाने तेराव्या वेळेनंतर टाच पूर्ण उचलता आली नाही. लघवी, शौच किंवा जांघेतील बधिरपणा असा काहीही त्रास नाही. पालथे झोपल्यावर चार-पाच मिनिटांनी पोटरीतील ओढ थोडी कमी होऊन मांडीत जाणवू लागली, कंबर मात्र दुखली.

पाठीचा_कणा

पालथे झोपल्यावरचा प्रतिसाद चांगला आहे. तेवढेच, दर दोन-तीन तासांनी करा, अजून तळहातांवर उठू नका.

तेरा आणि वीस यांतील फरक म्हणजे पोटरीच्या स्नायूंत कमजोरी आहे आणि तिची दखल घेतली पाहिजे. ती सुरुवातीपासून तेवढीच आहे की वाढते आहे, हे आज एका मोजणीवरून कळत नाही. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडून पायाची ताकद आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासून त्याची लेखी नोंद करून घ्या. त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच भिंतीपाशी दोन्ही पाय मोजा. आकडा तेरावर टिकला किंवा वाढला तर ठरल्याप्रमाणे पुढे चालू ठेवता येईल. तो दहाच्या खाली आला किंवा चालताना टाच नीट उचलेनाशी झाली, तर वेदना कितीही कमी असली तरी ठरलेल्या भेटीची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना दाखवा.