मदत हवी आहे: रेण्वीय उत्क्रांतीच्या उन्हाळी कोर्सआधी काय पक्कं करू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत रेण्वीय उत्क्रांतीची (डीएनए-प्रथिनांच्या क्रमांवरून प्रजातींची नाती शोधण्याची) जी उन्हाळी कार्यशाळा १९८८ पासून चालू आहे, तिथे मला जागा मिळाली आहे. फार दिवसांची इच्छा होती. पॉप, आयक्यू-ट्री यांसारखी प्रजातींच्या नात्यांची झाडं काढणारी सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिली, ती माणसं तिथे शिकवत आली आहेत. त्यांच्यासमोर बसायला मिळणार, तर वेळ प्राथमिक गोष्टींत जाऊ नये असं मनापासून वाटतं.

माझं रोजचं काम प्रथिनं शुद्ध करण्याचं. लाइकलीहुडची व्याख्या सांगता येते (एखादं झाड आणि बदलांचं मॉडेल खरं मानलं तर हाच डेटा मिळण्याची शक्यता), पण झाडावर तो प्रत्यक्ष कसा मोजतात ते अजून नीट उमगलेलं नाही. आधी गणित करावं, कमांड लाइनचा सराव करावा, की थेट स्वतःचा डेटा घेऊन जावं?

डेटाचं विचारतोय कारण त्यात एक गोष्ट अडली आहे. माझ्या एंझाइमच्या झाडात दोन प्रजाती शेजारी-शेजारी बसतात. बाकीचा कुठलाच पुरावा त्यांना जवळचं मानत नाही. दोघींच्या फांद्या झाडात सगळ्यात लांब आहेत, म्हणजे त्यांच्यात सगळ्यात जास्त बदल झालेत. या जोडीला बूटस्ट्रॅपचा आधार १०० पैकी ९८ होता. आणखी प्रथिनं जोडली तर तो १०० झाला! एवढा आधार असताना शंका घ्यावी का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

अभिनंदन! शंका जरूर घ्या. बूटस्ट्रॅप एवढंच सांगतो की याच डेटातून क्रमातल्या जागा (जुळवलेल्या क्रमांचे स्तंभ) पुन्हा पुन्हा उचलल्या तर तेच उत्तर येतं का. पद्धतच एका बाजूला झुकलेली असेल तर चुकीचं उत्तरही दर वेळी तेच येणार, आणि डेटा वाढवला की आणखी ठामपणे येणार. शास्त्रज्ञ जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी १९७८ मध्ये पार्सिमनीबद्दल (कमीत कमी बदल लागणारं झाड निवडणारी पद्धत) नेमकं हेच दाखवलं. लाइकलीहुडमध्ये धोका कमी असतो, पण मॉडेल डेटाला साजेसं नसेल तर तिथेही हे होतं.

प्रथिनांत असं बऱ्याचदा होतं. एखाद्या जागी दोन-तीनच अमिनो आम्लं चालतात, त्यामुळे दोन लांब फांद्या स्वतंत्रपणे त्याच अमिनो आम्लावर येऊन पोचतात. सगळ्या जागांना एकच सरासरी मॉडेल लावलं की ते या योगायोगांना नातं समजतं. आयक्यू-ट्रीमध्ये सी६० सारखं मिश्र मॉडेल (वेगवेगळ्या जागांची अमिनो आम्लांची पसंती वेगवेगळी धरणारं) लावून बघा. त्याआधी सोपी चाचणी: दोघींपैकी एक प्रजाती काढा आणि दुसरी कुठे जाते ते पाहा. मग उलट करा. जमल्यास लांब फांदी मधे तोडतील अशा जवळच्या प्रजाती घाला.

गणिताचं म्हणाल तर एकच उदाहरण कागदावर करा: चार प्रजाती, डीएनएची एकच जागा, ज्यूक्स-कँटर मॉडेल (सगळ्यात साधं, चारही अक्षरांतले बदल सारखेच शक्य मानणारं). मूळ न दाखवलेल्या झाडात आतले दोन सांधे, प्रत्येकावर चार अक्षरं शक्य, म्हणजे १६ शक्यतांची बेरीज. ती लांबलचक करून झाली की फेल्सेन्स्टाइन यांची १९८१ ची रीत वापरून टोकांकडून आत या. उत्तर तेच येईल, पण प्रजाती वाढल्या तर ही रीत का लागते ते हाताला कळेल.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत. कमांड लाइनचा सराव मात्र घरूनच करून जा. फोल्डर बदलणं, फाईल शोधणं, दूरच्या सर्व्हरवर लॉगिन, एवढं सहज जमायला हवं, नाहीतर प्रात्यक्षिकात लक्ष तिकडेच राहतं. डेटा न्याच, पण छोटा: काही मिनिटांत चालणारा. आणि त्या दोन प्रजातींचं अलाइनमेंट (क्रम एकाखाली एक जुळवून केलेली मांडणी) डोळ्यांनी तपासलंय का? कडेचे विस्कळीत भाग कापून झाड पुन्हा काढा, काय येतं ते इथेच लिहा.